निरोपावर दिलेलं औषध

कॅन्सरमधून उठलेल्या माणसानं लिहावं, म्हणजे त्यातून जाणाऱ्यांना धीर येतो, असं माझ्या पुण्याच्या डॉक्टर मॅडम दर तपासणीला सांगायच्या. मी ‘हो’ म्हणून परत यायचो. शेवटी एकदा लिहिलं. चांगलं गोडगोड झालं होतं. बायकोला वाचून दाखवलं. रझियानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “छान आहे. पण ह्यात ठकूबाई कुठं आहे?”

मी ते कागद फाडून टाकले. ठकूबाईबद्दल लिहायचं तर आधी तिच्या नवऱ्याला तोंड दाखवायला हवं होतं. ते मी इतकी वर्षं टाळलं होतं. आता जाऊन आलोय. म्हणून हे लिहितोय.

गाठ

मी मूळचा भोरचा. अब्बांचं तिथं बांगड्यांचं दुकान होतं. एमबीबीएस झाल्यावर मी वेल्ह्यात दवाखाना टाकला, कारण सरकारी दवाखाना सोडला तर तिथं दुसरं कोणी नव्हतं. रझिया पुड्या बांधायची, मी तपासायचो.

चाळिशी उलटली तेव्हा दाढी करताना मानेला गाठ लागली. दुसऱ्या कुणाच्या मानेला लागली असती तर मी त्याला त्याच दिवशी पुण्याला पाठवला असता. स्वतःला मात्र गोळ्या दिल्या. गाठ कमी होत नाही म्हटल्यावर गोळ्या बदलल्या. कॉलर वर करून फिरायला लागलो. रझिया म्हणाली, “एवढ्या उकाड्यात गळ्याशी बटण कशाला?” तेव्हा कुठं पुण्याला गेलो.

तपासणीचा रिपोर्ट मी लॅबच्या खिडकीवर उभ्याउभ्याच वाचला. डॉक्टर असण्याचा हा तोटा. बाकीच्यांना तो कागद कुणीतरी समजावून सांगतो, बसायला सांगतो, पाणी देतो. मला तो सरळच कळला. लसिका ग्रंथींचा कॅन्सर. मी कागदाची घडी घातली, स्वारगेटला आलो आणि रझियानं सांगितलेल्या सेफ्टी पिना घेतल्या. रंग कोणता हवा होता ते आठवेना, म्हणून बराच वेळ त्या दुकानासमोर उभा होतो.

घरी सांगितलं तेव्हा ती रडली नाही. “मग उद्या दवाखाना उघडायचा का नाही?” एवढंच विचारलं. उघडला. पहिल्या पेशंटचा ताप बघताना माझाच हात गार पडला होता. आजीबाई म्हणाल्या, “डागदर, तुमालाच हीव भरलंय जनू.”

खुर्ची

किमोच्या खोलीत खुर्च्या ओळीनं असायच्या. सगळ्यांच्या हाताला सुई आणि नजर बाटलीवर. एक लाल औषध होतं. ते चढलं की लघवी लाल व्हायची आणि नवा पेशंट घाबरून नर्सला हाका मारायचा. जुने पेशंट हसायचे. तेवढंच काय ते हसू.

माझ्या उलट्या थांबत नव्हत्या. उलटी थांबवायची जी औषधं होती ती सगळी झाली. पुढं पुढं औषध शिरेत जायच्या आधीच उलटी व्हायला लागली. पुण्याची एसटी नसरापूर फाट्याला हायवेवर वळली की घशाशी यायचं. हॉस्पिटलचा फिनाईलचा वास तर मला वेल्ह्यातसुद्धा यायचा, आमच्या घरात फिनाईलची बाटली नसताना. भात नको, चहा नको, पाणी नको. वजन उतरलं. केस गेले. बाजारात लोक तोंड फिरवून बोलायचे, “डागदरच असा झाला, आता आपुन कुनाकडं जायाचं?”

मी रझियाला म्हणालो, पुढची किमो घेणार नाही. ती म्हणाली, “मला तसं लिहून द्या. पोरीला दाखवीन मोठी झाल्यावर.” आमची मुलगी तेव्हा शाळेत होती. त्या दिवसानंतर आम्ही दोघं एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलायचो. आजारपणात घर जवळ येतं असं लोक म्हणतात. आमचं आलं नाही. ती मला भरवायला यायची आणि मी ताट सरकवायचो, आणि दोघांनाही दुसऱ्याचा राग यायचा.

कोंडिबामामा

गुंजवण्याच्या वर डोंगरात धनगरांची वस्ती आहे. तिथले कोंडिबामामा माझे जुने पेशंट. शेळ्या, म्हशी, आणि तोंडात कायम तंबाखू. ते बघायला आले. आल्या आल्या म्हणाले, “डागदर, पार चिपाड झालासा की वो.”

“खाल्लेलं राहत नाही, मामा.”

त्यांनी मुंडाशातून एक फडक्याची पुरचुंडी काढली. वाळलेला पाला होता. त्यांच्या वस्तीवर गोठ्यामागं भांगेची चारदोन रोपं असायची. जनावराचं पोट फुगलं की गुळातून द्यायचे. “चिमूटभर दुधात उकळून घ्या,” मामा म्हणाले. “म्हस अंग धरती, तुमी बी धराल.”

कायद्यात ते कुठं बसतं हे मला नक्की माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर माहीत करून घ्यायचंच नव्हतं. आमच्या घरात नशा म्हणजे हराम. अब्बांनी कधी तपकीरसुद्धा ओढली नव्हती. मी रझियाला सांगितलं, काढा आहे.

ज्या दिवशी पहिल्यांदा घेतलं त्या दिवशी जेवायला दुधीची भाजी होती. मी ती खाल्ली. परत मागितली. आणि म्हणालो, “काय झाली आहे दुधी!”

रझियाच्या हातातला डाव थांबला. “दुधीची तारीफ? तुम्ही? सांगा, काय घेतलंय?”

मला हसू आवरेना. ती मात्र हसली नाही. पुरचुंडी शोधून काढली, वास घेतला, आणि माझ्यासमोर ठेवून आतल्या खोलीत जाऊन बसली. बाहेर आली ती एवढंच म्हणाली, “मॅडमना सांगा. त्या हो म्हणाल्या तर मी स्वतः उकळून देईन. चोरून नाही.”

मॅडम

मला वाटलं होतं, मॅडम ओरडतील, नाहीतर हसून सोडून देतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही.

“मी हे तुम्हाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही,” त्या म्हणाल्या. “याचं माप मला माहीत नाही, पुरावा माझ्याकडं नाही, आणि कायद्याचं तुमचं तुम्ही बघा. पण घेतलंय ना? मग मला सगळं कळलं पाहिजे.” किती घेतलं, कशातून, चक्कर आली का, छाती धडधडली का, भलतंसलतं दिसलं का, घरात कुणाला वेडाचा आजार आहे का, सगळं विचारलं. मग टेबलावर झोपवून पोट तपासलं.

“मॅडम, उलट्या किमोच्याच आहेत.”

“असतील. पण उलटी थांबली म्हणजे कारण गेलं असं नाही. ज्यानं दुखणं आणि उलटी दोन्ही झाकली जातात, ते देण्याआधी पोटावर हात ठेवायचा. दरवेळी. हे तुम्हाला मी सांगायचं?”

त्या केस पेपरवर लिहायला लागल्या. मी म्हणालो, “हे तेवढं लिहू नका. मी डॉक्टर आहे, नाव खराब होईल.”

“डॉक्टर बाहेर ठेवून या. या खुर्चीवर तुम्ही पेशंट आहात.” त्यांनी लिहिलं. रझियाला बोलावून सांगितलं की हे घेतील तेव्हा जवळ कुणीतरी बसायचं, गाडी चालवू द्यायची नाही, किमो संपली की हे बंद. आणि मला म्हणाल्या, “तुम्हाला उपयोग झाला म्हणून उद्या हे तुमच्या पेशंटना वाटत सुटू नका.”

मी हसून ‘छे छे’ म्हणालो.

किमो पुरी झाली. गाठ गेली. पाला बंद झाला. पुढच्या तपासणीत रिपोर्ट स्वच्छ आला तेव्हा रझिया हॉस्पिटलच्या जिन्यात बसून पहिल्यांदा रडली.

निरोप

आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पावसाळ्यात डोंगरातली माणसं खाली उतरू शकत नाहीत. मग निरोप यायचा. एसटीचा कंडक्टर दवाखान्यासमोर उतरून सांगायचा: अमक्याच्या पोराला जुलाब, तमक्याच्या म्हातारीला खोकला. मी विचारून घ्यायचो, रझिया पुडी बांधायची, परतीच्या गाडीनं पुडी जायची. मी वेल्ह्यात आल्यापासून हे असंच चाललं होतं आणि त्यात माणसं बरीही होत. कंडक्टर म्हणायचा, “डॉक्टर, आता मलाबी एक स्टेथोस्कोप घेऊन द्या.” मी ह्या रीतीचा अभिमान बाळगत होतो. डोंगरातल्या माणसाची सेवा, वगैरे.

मी बरा झालो त्याच्या पुढच्या पावसाळ्यात कंडक्टर म्हणाला, “कोंडिबाची बायको, ठकूबाई. पोट दुखतंय आन् उलट्या. पानीबी ऱ्हाईना. कोंडिबा विचारतोय, आनू का खाली?”

दवाखाना भरला होता. माझ्या अंगात अजून पूर्ण ताकद नव्हती. पाऊस लागला होता. ही सगळी कारणं खरी आहेत आणि यातलं एकही कारण नाही. खरं कारण हे, की उलटी म्हटल्यावर मला मीच आठवलो. मी कसा पडलेला होतो, आणि त्या पाल्यानं कसा उठलो. मला वाटलं, मामांनी मला दिलं ते आज मी त्यांना परत देतोय.

मी म्हणालो, “एवढ्या पावसात आणू नका म्हणावं. ह्या गोळ्या. आणि मामांना सांग, मला दिला होता तो पाला तिलाही थोडा द्या. आराम पडेल. बाजारच्या दिवशी मी बघतो.”

रझिया पुडी बांधत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. “न बघताच?”

“मला काय कळत नाही का?” मी म्हणालो. पेशंटसमोर म्हणालो. तिनं पुडी बांधून कंडक्टरच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी कंडक्टर हसत आला. “ब्येस! उलट्या थांबल्या. म्हातारी गाढ झोपलीया. कोंडिबा म्हनतोय, डागदराचं उपकार.”

तो दिवस मला चांगला आठवतो. मी खूश होतो. जेवताना रझियाला म्हणालो, “बघ.”

झोळी

त्यानंतर निरोप आला नाही. ठकूबाईच आली. घोंगडीची झोळी करून वस्तीवरच्या माणसांनी तिला खाली आणलं होतं आणि तिथून जीपमधून दवाखान्यात. तिचा मुलगा म्हादू झोळीचं पुढचं टोक धरून होता. पोट फळीसारखं झालं होतं. मी लुगडं बाजूला करायला सांगितलं, तेव्हा जांघेत गाठ दिसली. आतडं त्या गाठीत अडकून काळं पडत चाललं होतं. ती गाठ जुनी होती. ठकूबाईनं ती लाजेनं कुणाला दाखवली नव्हती. पण मला ती दिसली असती. पोट दुखतंय, उलट्या होतायत म्हटल्यावर जांघ बघायचीच, हे डॉक्टरीच्या पोराला पण पाठ असतं.

त्याच जीपनं आम्ही पुण्याला गेलो. मामा आणि म्हादू होतेच, मीही सोबत बसलो. वाटेत ठकूबाई एकदा म्हणाली, “आता बरं हाय, डागदर. उगा तरास घेताय.”

ऑपरेशनला घेण्याआधी तिथल्या सर्जननी विचारलं, “इतका वेळ घरी काय करत होता? काय दिलं?”

मामा म्हणाले, “म्या पाला दिला, भांगंचा.”

सर्जन भडकले. “नशा पाजली? बायको आहे का जनावर? दुखणं दबलं, तुम्हाला वाटलं बरी झाली! आधी आणली असती तर ही वेळ आली नसती!”

मामांनी माझ्याकडं बघितलं. ते तक्रारीनं बघत नव्हते. मी काहीतरी बोलेन, समजावून सांगेन, म्हणून बघत होते. दोन डॉक्टर बोलतील, अशा भरवशानं. मी हातातल्या कागदाकडं बघत राहिलो. म्हादू तिथंच उभा होता. त्यानं बापाकडं असं बघितलं, की ते बघणं मी विसरू शकलेलो नाही.

ऑपरेशन झालं, पण ठकूबाई शुद्धीवर आली नाही.

मातीला मी गेलो होतो. मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “डागदर, माप चुकलं का वो माजं? जादा झाला का पाला?”

एका वाक्याचं उत्तर होतं. मी म्हणालो, “नशिबात होतं, मामा.”

मधली वर्षं

म्हादूनं घर सोडलं. ‘आबानं आयला गांजा पाजून मारली’ असं तो उघड म्हणायचा. नसरापूर फाट्यावर पंक्चरच्या दुकानात कामाला लागला. बापाच्या हातचं पाणी घ्यायचं त्यानं बंद केलं. त्याच्या लग्नाला बाप नव्हता. हे सगळं मला कळायचं, त्याच कंडक्टरकडून. कंडक्टरला निरोप ठाऊक होता, पण त्याच्या डोक्यात माझा दोष कधी आलाच नाही. डॉक्टरनं सांगितलं म्हणजे बरोबरच असणार. चुकलं असेल ते देणाऱ्याचं.

निरोपावर औषध देणं मी त्याच वर्षी बंद केलं. लोक नाराज झाले. बरं झाल्यावर डॉक्टरला माज आला म्हणाले. मी कारण सांगितलं नाही.

हल्ली कॅन्सरचे पेशंट किंवा त्यांची मुलं माझ्याकडं येतात. “डॉक्टर, तुम्हाला त्या पाल्याचा उपयोग झाला म्हणे. आम्हालाही सांगा कसा घ्यायचा.” उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. पण माझ्या उलटीमागं काय आहे हे कुणीतरी आधी बघितलं होतं, लिहून ठेवलं होतं, परत बोलावलं होतं, आणि बंद कधी करायचं हेही ठरवलं होतं. हे सगळं असल्यावर मग तो पाला. मी त्यांना तपासतो, मॅडमकडं पाठवतो. ज्या डॉक्टरला स्वतःला एखाद्या गोष्टीनं बरं वाटलंय, त्यानं ती दुसऱ्याला सांगताना सगळ्यात जास्त घाबरावं. तुम्ही पेशंट असाल तर एवढंच बघा, की सांगणाऱ्यानं तुमच्या पोटावर हात ठेवला का.

फाट्यावर

मी वस्तीवर गेलो तेव्हा कोंडिबामामा अंगणात शेळीचं खूर कापत होते. थकले होते. “या डागदर,” म्हणाले, “वाट चुकलासा व्हय?”

मी उभ्याउभ्याच बोललो. बसलो असतो तर परत काहीतरी गोड बोलून उठलो असतो. म्हणालो, “मामा, माप चुकलं नव्हतं. पाल्यानं मारलं नाही तिला. आतडं अडकलं होतं. मी यायला पाहिजे होतं नाहीतर तिला आणायला सांगायला पाहिजे होतं. मी न बघता सांगितलं, आणि सर्जनसमोर गप्प बसलो.”

त्यांनी शेळी सोडली. मग म्हणाले, “म्हंजी म्या न्हाई?”

“नाही.”

“तुमास्नी ठावं व्हतं? तवाच?”

“हो.”

मी त्यांना म्हणालो, माझ्यावर तक्रार करा, मीच लिहून देतो. डॉक्टरांची कौन्सिल असते. त्यांनी हात झटकला. “कागद घिऊन काय करू? माज्या पोराला सांगा.” आत जाऊन मुंडासं बांधून आले.

“आत्ता?”

“मग कवा? म्या मेल्यावर?”

आम्ही एसटीनं नसरापूर फाट्याला आलो. मामा दुकानाजवळ आले नाहीत. लांब, एका टपरीच्या सावलीला उभे राहिले. म्हादू ट्रकचं टायर खोलत होता. मला बघून उठला. मी वर सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. ट्रकचा ड्रायव्हर ऐकत होता, मालक ऐकत होता. ऐकू दिलं.

म्हादू म्हणाला, “तवा का बोलला न्हाई?”

“भ्यालो.”

“कशाला?”

“दवाखाना होता. नाव होतं.”

“आन् आमच्या आबाला नाव नव्हतं व्हय?”

मला वाटलं, तो मारेल. त्याच्या हातात टायरची पहार होती. त्यानं ती खाली ठेवली. मग मी पाहत होतो त्या दिशेनं त्यानं पाहिलं, आणि त्याला टपरीजवळ बाप दिसला.

तो गेला. मध्ये एक गाडी आली म्हणून थांबला, मग गेला. दोघं समोरासमोर उभे राहिले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मामांनी हात पुढं केला नाही. म्हादूनंही केला नाही. नंतर म्हादूनं टपरीवरून पाण्याचा ग्लास घेतला आणि बापापुढं धरला. मामांनी अर्धा प्यायला आणि त्याला परत दिला. तो ग्लास धरून म्हादू तसाच उभा राहिला.

मी तिकडं दोन पावलं टाकली असतील. म्हादूनं मान वळवून मला थांबवलं. “तुमी जावा आता, डॉक्टर,” तो म्हणाला. “आमचं आमी बघतो.”

वेल्ह्याच्या गाडीला वेळ होता. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला गेलो आणि उभ्या ट्रकच्या मागं थांबलो, त्यांना मी दिसू नये म्हणून.